हळू आवाजातलं ऑफिस

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. पप्पा शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मुलाला हाक मारायची सवय त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. ते स्वयंपाकघरातल्या आईकडे चहा मागतात तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडून सांगतात, "आमच्याकडं ठेवलाय, या खाली." त्यांचं बालपण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत गेलं. मी लहान असताना त्यांच्या गाडीवर पुढं उभी राहून पेठेत जायची, तेव्हा त्यांचे फुटबॉलमधले जुने सोबती रस्त्याच्या पलीकडून त्यांना असं काही बोलायचे की नवख्या माणसाला वाटावं, आता मारामारी होणार. थोड्या वेळानं आम्ही त्यातल्याच कुणाच्या तरी कट्ट्यावर बसून भडंग खात असायचो.

त्यामुळं मोठ्या आवाजाची भीती मला कधी वाटली नाही. हळू बोलणाऱ्या माणसालाही घाबरायचं असतं, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

सी.ए. झाल्यावर मी एमबीए केलं आणि मुंबईत एका इन्व्हेस्टमेंट बँकेत लागले. ही पैसे भरायची बँक नव्हे. एखाद्या मालकाला आपली कंपनी विकायची असली तर तिची माहिती तयार करायची, घेणारा शोधायचा, दोघांना एका टेबलावर आणायचं आणि करारावर सह्या होईपर्यंत मध्ये उभं राहायचं, हे आमचं काम. पप्पा बिल्डिंगमध्ये सांगायचे, "पोरगी कंपन्यांची लग्नं जमवती."

आमच्या विभागाचे प्रमुख अतिशय सभ्य गृहस्थ. लिफ्टचं दार धरून ठेवायचे, प्रत्येकाला नावानं हाक मारायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात मी घरी फोन करून सांगितलं होतं की, बघा, माणसं कशी असतात, एवढी मोठी जागा आणि कुणी कुणावर खेकसत नाही.

मग एकदा एका सहकाऱ्याकडून ग्राहकासमोरच्या सादरीकरणात आकडा चुकला. प्रमुख हसून म्हणाले, "हरकत नाही, होतं असं." दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला मेल येणं बंद झालं. त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो नेहमीसारखा टाय लावून यायचा, लॅपटॉप उघडायचा आणि बसून राहायचा. बैठकांना त्याला बोलावणं नसायचं. जेवणाच्या सुट्टीत तो ज्या टेबलाकडे यायचा तिथली माणसं डबे आवरायला लागायची. एका सोमवारी त्याची खुर्ची रिकामी दिसली. त्यानंतर त्याचं नाव त्या मजल्यावर कुणाच्या तोंडून आलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा शेजारची मुलगी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "जाऊ दे ना." मला वाटलं, इथली पातळीच वरची आहे, ज्याला जमत नाही तो जातो.

मीही स्वतःला त्या पातळीला आणत होते. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो', 'मी जातो' असं बोलतात. आईचं सगळं आयुष्य तसं बोलण्यात गेलं. ऑफिसात मी एकदा फोनवर तिला "मी नंतर करतो" म्हणाले, आणि मागून कुणीतरी "करतो का करते?" असं हळूच विचारलं. सगळे हसले. तेव्हापासून मी घरी फोन करायला जिन्यात जायला लागले. पुढं जिन्यात जायचा कंटाळा आला, म्हणून फोन कमी झाले.

माझी थेट वरिष्ठ एक ठाण्याची बाई होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. हुशार, कष्टाळू, आणि खरंच चांगली शिकवणारी. आम्ही दोघीच असलो की मराठीत बोलायचो. नवीन माणसं रुजू झाली की प्रमुख तिची एक गोष्ट सांगत. ती म्हणे एकदा हॉस्पिटलात होती, हाताला सलाईन लावलेलं, आणि तशा अवस्थेत तिनं एका मोठ्या व्यवहाराचं गणित पुरं करून पाठवलं. गोष्ट संपली की सगळे टाळ्या वाजवायचे. ती मान खाली घालून किंचित हसायची. मला ते हसणं विनयाचं वाटायचं.

असं चाललं असताना कोल्हापूरचं काम आलं. इथल्या एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून यंत्रांचे भाग ओतणारा कारखाना, तिच्या मालकांना विकायची होती. वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही मुली परदेशात, जावयांना यात रस नाही. आधी दोन बँकांना त्यांनी हाकलून दिलं होतं. प्रमुखांनी मला बोलावून घेतलं. "तू तिथलीच ना? त्यांच्या भाषेत बोल त्यांच्याशी," ते म्हणाले. ज्या बोलण्याला ऑफिस हसलं होतं तेच आता कामाला येणार होतं. मला तेव्हा फक्त आनंद झाला. काम पुरं होईपर्यंत राजारामपुरीतल्या आमच्या घरूनच बसायला परवानगी मिळाली.

मालकांनी पहिल्या भेटीत मला इंग्रजीत पंधरा-वीस वाक्यं बोलू दिली आणि मग विचारलं, "पावणं, गाव कुठलं तुमचं?"

"राजारामपुरी."

"मग असं काय बोलालीस? सरळ बोल की."

मी सरळ बोलले. त्यांची अट एकच होती. "कोण घेतंय त्याला घेऊ दे. पर माझी माणसं कामावर ठेवायची. हे करारात लिवून पायजे, तोंडी न्हाय."

मी हो म्हटलं.

घरी राहायला लागल्यावर आई माझ्याकडं बघायला लागली. ती राजारामपुरीतच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. माणसं घाबरून कशी बसतात, हे दिवसभर बघणं तिच्या सवयीचं. ताटावर बसलेली असताना फोन थरथरला की मी हातातला घास ठेवून उभी राहायची. उभी का राहते, याला कारण नव्हतं. फोन बसूनही घेता येतो. एकदा प्रमुखांचा कॉल होता, मी भाकरी चावत होते, आणि त्यांनी विचारलं, "जेवतेयस का?" मी घास गालात दाबून म्हटलं, "नाही नाही, बोला ना."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "जेवालीस म्हणून सांगायला काय झालं?"

"तसं सांगत नाहीत, आई."

"का?"

 मी चिडून आत गेले.

माझा जबडा रोज सकाळी दुखायचा. आईनं मला ओढून तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरसा घालून बराच वेळ तपासलं. दाढा घासून सपाट झाल्या होत्या. "तुम्ही झोपेत दात खाता," त्या म्हणाल्या. मग हातमोजे काढता काढता सहज विचारलं, "कुणावर एवढा राग आहे?"

मी हसले. राग येण्याइतकं मला ऑफिसात कुणी काही बोललेलंच नव्हतं. तरी तो प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. संध्याकाळी गॅलरीत उभी असताना, समोरच्या क्लासमधून सुटलेली पोरं सायकली काढत गोंधळ घालत होती, आणि मी मनाशी एकेक आठवत गेले. तो रिकाम्या खुर्चीवाला सहकारी. आजारी पडलं की खरं दुखणं न सांगता पोट बिघडलं म्हणून सांगायची आमची रीत, कारण पोट एका दिवसात बरं होतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडणाऱ्या मुली, आणि तो नळाचा आवाज ऐकून परत फिरणाऱ्या आम्ही. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं आतापर्यंत काहीतरी समर्थन होतं. सगळ्या एकत्र मांडल्यावर ते पुरेना.

पण नुसतं कळून माणूस लगेच काही करत नाही. मीही काही केलं नाही.

पुढच्या आठवड्यात फाउंड्री बघायला घेणाऱ्या कंपनीचे दोघे जण आले. त्यासाठी मुंबईहून माझी वरिष्ठ आली. सकाळी तिला घ्यायला गेले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि ती सारखी खोकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पोट जरा बिघडलंय." आम्ही कारखान्यात फिरलो. भट्टीच्या बाजूला धग होती, पण ती अंगावर जाकीट घालून कुडकुडत होती. वरच्या ऑफिसात आल्यावर ती पाहुण्यांना पुढचं सांगायला उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, खुर्चीचा आधार घ्यायला हात मागं नेला आणि खुर्ची नव्हती तिथंच नेला. ती टेबलाच्या कडेला घसटून खाली पडली.

मालक ज्या आवाजात ओरडले तो खालच्या शेडपर्यंत पोचला असणार. "गाडी काढा रे. कोण हाय तिथं, गाडी काढा." दोन कामगार वर धावले. आम्ही तिला उचलून गाडीत घातलं. निघताना मालक त्या दोन पाहुण्यांना सांगत होते, "आजची बैठक झाली. जेवून जावा."

गाडीत तिला शुद्ध आली. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सरांना सांगू नकोस."

डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. ताप बरेच दिवस अंगात होता आणि ती गोळ्या खाऊन तो दाबत होती. दाखल करून घ्यावं लागलं. मी कॉरिडॉरमध्ये येऊन प्रमुखांना फोन लावला.

"अरे बापरे," ते हळू आवाजात म्हणाले. "कशी आहे?"

मी सांगितलं.

"पाहुण्यांना काय वाटलं?"

"ते काळजीत होते."

"म्हणजे व्यवहाराबद्दल?"

"तिच्याबद्दल."

त्यांनी विचारलं, "दुपारच्या कॉलला ती असेल ना?"

"सर, तिला ऑक्सिजन लावलाय."

"मला समजतंय. पण तू तिला एकदा विचार. ती नाही म्हणणार नाही, मी तिला ओळखतो. आणि हे बघ, टीमला कळवताना प्रवासाचा थकवा असं लिही."

पप्पा कुणावर शंभरदा ओरडले असते तरी त्यात इतकं वाईट काही आलं नसतं. मी फोन ठेवला तेव्हा माझा जबडा घट्ट आवळलेला होता. दिवसाढवळ्या, जागेपणी.

खोलीत गेले तर ती उठून बसायचा प्रयत्न करत होती. "लॅपटॉप दे," ती म्हणाली.

"नाही."

"माझी बॅग तुझ्याकडे आहे. दे."

"नाही देणार."

"तुला कळत नाहीये. माझ्याशिवाय कॉल झाला तर..."

"तर काय होईल?"

ती परत उशीवर टेकली. ऑक्सिजनच्या नळीमुळं तिला थांबत थांबत बोलावं लागत होतं. "ती सलाईनची गोष्ट आहे ना," ती म्हणाली. "तू पण ऐकलीयस."

"हो."

"मी का दाखल झाले होते, ते कधी कुणी विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकानंही नाही." ती छताकडं बघत होती. "माझा गर्भ पडला होता. चौथा महिना होता. मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, फार वाईट झालं, आणि त्याच दुपारी माणसाबरोबर लॅपटॉप पाठवून दिला. म्हणाले, मन गुंतलेलं राहील."

मी तिच्या पलंगावर बसले. त्या गोष्टीला मी किती वेळा टाळ्या वाजवल्या होत्या ते मला आठवायचंही नव्हतं. तिची बॅग मी पायांच्या मागं सरकवली आणि दुपारभर तिथून हलले नाही. कॉलची वेळ आली आणि गेली. तोपर्यंत तिला झोप लागली होती.

संध्याकाळी आई आणि पप्पा आले. आईनं मऊ खिचडी आणली होती. "खा की दोन घास," ती म्हणाली, आणि परक्या बाईच्या हातात वाटी न देता तिला स्वतः भरवायला लागली. माझी वरिष्ठ, जिच्यासमोर आम्ही सगळे घाबरून असायचो, ती तोंड उघडून घास घेत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आईनं पुढचा घास केला. पप्पांना मी बाहेर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोन लाव त्या माणसाला. मी बोलतो."

"नको. मीच बोलणार आहे."

"मग बोल. पर रडत बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या गॅलरीतून मी प्रमुखांना फोन केला. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं. डॉक्टर सांगेपर्यंत तिला कामाचा एकही फोन जायचा नाही. तिच्या जागी दुसरा माणूस द्यायचा. प्रवासाचा थकवा असं मी लिहिणार नाही, आजारी आहे असंच लिहीन. आणि मी स्वतः रात्री जेवणानंतर सकाळपर्यंत मेल बघणार नाही, खरंच अडलं तर फोन करावा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला तुझी काळजी वाटते," ते म्हणाले. "घरी राहून तू जरा सैल पडलीस. त्यात चूक काही नाही. या कामासाठी सगळेच घडलेले नसतात."

एरवी मी लगेच सॉरी म्हटलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "माझं म्हणणं मी सांगितलंय, सर."

"हरकत नाही," ते म्हणाले.

दुपारपर्यंत माझ्याकडं मेल येणं बंद झालं. मी लॅपटॉपसमोर बसून होते आणि मला हसू यायला लागलं, कारण मला यातली पुढची प्रत्येक पायरी ठाऊक होती. फरक एवढाच की मी त्या मजल्यावर नव्हते. जेवायला आई होती आणि ती ताट उचलून दुसरीकडं जाणार नव्हती.

मी निरोप घ्यायला फाउंड्रीत गेले. मालकांना म्हटलं, यापुढं तुमचं काम दुसरं कुणीतरी बघेल.

"का? तू का न्हाईस?"

ऑफिसातलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम मला माहीत होता. मी म्हटलं, "माझं आणि वरच्यांचं पटलं नाही."

"त्या बाईवरनं?"

मी निघायला वळले. त्यांनी मला खुर्चीकडं हात केला. "भट्टीवर माणूस चक्कर येऊन पडला तर आमी आदी भट्टी थांबवतो. ओतकाम वाया जातंय, जाऊ दे. तुमच्यात काय करत्यात?"

"चालू ठेवतात."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "साहेब, तुमी कोन दुसरं पाठवनार हाय म्हनं. नका पाठवू. ही पोरगी असंल तर व्यवहार करायचा, न्हाईतर माझा कारखाना मला जड न्हाय झाला."

प्रमुख अगदी मऊ आवाजात म्हणाले की काहीतरी गैरसमज झालाय. मी घरी पोचेपर्यंत मेल परत सुरू झाले होते.

त्यानंतरचे काही महिने मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. दिवसा नेटानं बसायचे, एकाही कागदात त्रुटी राहू द्यायचे नाही, आणि रात्री फोन बंद करून कपाटात ठेवायचे. पहिल्या काही रात्री मी उठून कपाटापर्यंत जाऊन परत यायचे. सकाळी फोन सुरू केल्यावर रात्रीच्या सगळ्या 'तातडीच्या' गोष्टी तिथंच पडलेल्या असायच्या, आणि चहा पिऊन झाल्यावर त्या करता यायच्या. माझी वरिष्ठ आमच्याच शहरात दोन आठवडे उपचार घेऊन मुंबईला गेली. जाताना तिनं आईला मिठी मारली. मला म्हणाली, "तू नीट राहा."

त्या काळात एका व्हिडिओ बैठकीत आणखी एक गोष्ट घडली. टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलीनं लिहिलेल्या मजकुरात एक वाक्य चुकलं होतं. प्रमुखांनी तिला ते वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. "पुन्हा वाच," ते हसून म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं. "अजून एकदा. आपल्या सगळ्यांना शिकू दे." पडद्यावरच्या चौकोनांतले सगळे चेहरे अर्धवट हसत होते. तिचा आवाज फुटायला लागला होता.

मी माइक सुरू केला. "थांबव वाचायचं," मी म्हटलं. "सर, वाक्य चुकलंय हे तिला पहिल्या वाचनातच कळलं. आता हे जे चाललंय ते शिकवणं नाही. आपण पुढच्या मुद्द्यावर जाऊ."

हे मी आमच्या घरच्या आवाजात म्हटलं होतं. आई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून धावत आली. बैठकीत प्रमुखांनी घसा साफ केला आणि पुढचा मुद्दा घेतला.

त्या दुपारी तिघा सहकाऱ्यांचे वेगवेगळे खासगी निरोप आले. बरं झालं बोललीस, असं तिघांनीही लिहिलं होतं, आणि आपलं नाव कुठं येऊ देऊ नकोस, असंही तिघांनी लिहिलं होतं. त्या नव्या मुलीचा निरोप आला नाही. तिची अवस्था मला समजत होती.

मी मनुष्यबळ विभागाकडे रीतसर तक्रार केली. त्यात विशेषणं टाळली, जे पाहिलं ते क्रमानं सांगितलं. त्या विभागाच्या बाईंनी मला तासभर वेळ दिला आणि शेवटी म्हणाल्या, "आपण इथं सगळे एक फॅमिली आहोत. घरातल्या गोष्टी घरात बोलून मिटतात."

मी म्हटलं, "माझ्या घरात आजारी माणसाला लॅपटॉप देत नाहीत."

चौकशी झाली. माझ्या वरिष्ठेनं सांगितलं की आजारपण तिचं वैयक्तिक होतं, कामाशी त्याचा संबंध नव्हता आणि तिची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. हे कळलं तेव्हा मला फार राग आला. रंकाळा तलावाला एकटीच दोन फेऱ्या मारून आले. चालता चालता विचार केला की तिच्याकडं त्या ऑफिसाशिवाय काय आहे, आणि तिथलं वागणं चुकीचं होतं असं एकदा मान्य केलं तर त्या सलाईनच्या दिवसाचं ती काय करेल. राग पूर्ण गेला नाही. पण माझी तक्रार मी मागं घेतली नाही. त्यातून निष्पन्न काही झालं नाही. प्रमुख आजही तिथंच आहेत.

कारखान्याचा करार झाला. घेणाऱ्या कंपनीला कामगारांचं कलम नको होतं, आणि आमच्या बाजूनंही ते सोडून द्यावं असं मला दोनदा हळुवारपणे सुचवण्यात आलं. मी प्रत्येक मसुद्यात ते परत घातलं. शेवटी ते राहिलं. सह्या झाल्या त्या दिवशी मालक खाली शेडमध्ये जाऊन एकेकाला सांगून आले आणि मला म्हणाले, "झालं बघ तुझं काम. आता जा, आराम कर."

त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. प्रमुखांनी निरोपाच्या फोनवर माझं खूप कौतुक केलं.

आता राजारामपुरीतच आमचं छोटं ऑफिस आहे. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण आणि मी, दोघी मिळून चालवतो. आसपासच्या कारखान्यांना, दूध प्रक्रियेवाल्यांना, घरचा धंदा वाटून घेणाऱ्या भावाभावांना कागदपत्रांत आणि व्यवहारांत मदत करतो. मुंबईच्या मानानं काम लहान आहे. मला ते पुरतं.

गेल्या मार्चमध्ये वर्षअखेरीची गडबड होती. आमच्याकडं गारगोटीहून एसटीनं येणारी एक मुलगी काम करते. एका संध्याकाळी मी मान वर केली तर ती बसूनच होती, बाकीचे दोघेही. तिचं काम संपलेलं दिसत होतं. मी विचारलं, "एसटी चुकली नाही का?"

"चुकली की."

"मग गेली का नाहीस?"

ती दुसऱ्या दोघांकडं बघायला लागली. मग म्हणाली, "म्याडम, तुमी बसलाय न्हवं."

मी त्यांना थांबायला कधी सांगितलं नव्हतं. पण मुंबईत मीही कुणी बोट दाखवून सांगितलं म्हणून थोडीच थांबायचे.  पाच वर्षं जिथं घालवली तिथलं थोडंफार माझ्या अंगाला लागून आलं असणार, आणि ते मला दिसणार नाही, ते या तिघांना आधी दिसेल. मी मैत्रिणीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग उद्यापासून तू आदी जायचं."

त्या मुलीला त्या दिवशी मी गाडीवरून स्टँडवर सोडलं. पुढची गाडी लागलेली होती. ती चढताना म्हणाली, "उद्या लवकर येतो म्याडम."

"वेळेवर ये," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून सहा वाजले की मी पर्स उचलते, काम राहिलेलं असो वा नसो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून निघते. पहिले काही दिवस त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. आता माझ्या मागोमाग तेही खाली उतरतात, आणि गाड्या काढता काढता खाली बराच वेळ आमचा गोंधळ चालतो.